अठरा अंगठे

चीनच्या आन्हुई प्रांतात फंगयांग नावाचा एक तालुका आहे. मिंग घराण्याची स्थापना करणारा झू युआनझांग हा तिथला. लहानपणीच पोरका झालेला, मठाच्या आश्रयाने राहून भिक्षा मागणारा हा मुलगा १३६८ साली चीनचा बादशहा झाला. परंतु त्याच्या गाववाल्यांचे नशीब काही उघडले नाही. पुढे कित्येक पिढ्या, दुष्काळ पडला की फंगयांगची माणसे ढोलके वाजवीत परमुलखात भीक मागत हिंडत.

ह्याच तालुक्यातील श्याओगांग नावाच्या खेड्यात १९७८ सालच्या हिवाळ्यात एका रात्री अठरा शेतकरी एका मातीच्या घरात जमले. शेती सामुदायिक होती. घाम गाळणारा आणि बांधावर बसून राहणारा ह्यांच्या पदरात जवळजवळ सारखेच पडे. म्हणून हळूहळू सारेच बांधावर बसू लागले होते. त्या रात्री त्यांनी एका कागदावर लिहून काढले की, जमीन घरटी वाटून घ्यावयाची, सरकारचा वाटा आधी घालावयाचा आणि उरेल ते ज्याने त्याने घरी न्यावयाचे. त्या काळी हा गुन्हा लहानसहान नव्हता. म्हणून त्यांनी आणखी एक कलम घातले: ह्यापायी कोणी तुरुंगात गेला किंवा त्याचे डोके गेले, तर त्याची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळावयाची. त्याखाली अंगठे उठले. संग्रहालयात आज दाखवतात तो कागद मूळचाच काय ह्याविषयी वाद आहे. जमीन वाटली गेली ह्याविषयी नाही.

पुढच्या वर्षी मागच्या पाच वर्षांच्या बेरजेइतके पीक आले असे सांगतात. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली ह्यांनी ह्या मंडळींना पाठीशी घातले, १९८० साली डेंग शियाओपिंग ह्यांनी ह्या पद्धतीला अनुकूल मत दिले, आणि बघता बघता देशभरचे कम्यून मोडीत निघाले. १९७८ साली चीनमध्ये सुमारे ३० कोटी टन धान्य पिकले होते. १९८४ साली ते ४० कोटी टनांच्या वर गेले. पोट भरल्यावर खेड्यांतून लहानमोठे कारखाने निघाले. १९८७ साली परदेशी पाहुण्यांशी बोलताना डेंग ह्यांनी मोकळेपणाने कबूल केले की, खेड्यांतील हे उद्योग इतके फोफावतील अशी आमची कल्पनाच नव्हती. त्याचे श्रेय मध्यवर्ती सरकारला नाही.

राज्यकर्त्याच्या तोंडचे हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. चीनच्या उदयाची कथा सांगताना आपण शेनझेनचे मनोरे आणि शांघायची बंदरे दाखवतो; परंतु तिचे पहिले पान फंगयांगच्या त्या मातीच्या घरात लिहिले गेले. वरच्यांनी हात थोडा आखडता घेतला आणि खालच्या माणसाचे शहाणपण मोकळे झाले, तेव्हा हा देश उठला.

हा उदय टिकेल काय, अशी शंका आता जगभर बोलली जाते. ती शत्रूंनीच काढली असे समजण्याचे कारण नाही. मार्च २००७ मध्ये खुद्द चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ ह्यांनी आपल्या अर्थव्यवस्थेची वाढ अस्थिर, असमतोल, विस्कळीत आणि न टिकणारी आहे असे जाहीरपणे म्हटले होते. त्या वर्षी ती वाढ १४ टक्क्यांच्या घरात होती! माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. अर्थशास्त्राचा अधिकार मला नाही. शाळेत मुलांना इतिहास शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. आकडा दिसला की त्यामागचा माणूस शोधावयाचा, ही कादंबरीवाल्याची खोड मात्र मला आहे. तेवढ्या बळावर ह्या शंकेचे मूळ शोधून पाहावे असे वाटले.

*

आकडे खालून वर कसे चढतात हे शाळामास्तराला शिकवावे लागत नाही. आपल्या राज्यात २०११ च्या ऑक्टोबरात शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर असलेली कितीतरी मुले वर्गात सापडली नाहीत. वरच्या साहेबाला जो आकडा आवडतो तोच खालचा माणूस कळवतो. पण पटावरच्या खोट्या मुलामुळे कोणी उपाशी मरत नाही. चीनमध्ये खोट्या आकड्यांनी माणसे मेली.

१९५८ साली माओंनी मोठ्या झेपेची हाक दिली. परसापरसात पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, आणि त्यांत घरातल्या कढया वितळल्या. एका कम्यूनने पिकाचा आकडा दुप्पट सांगितला की शेजारचा तिप्पट सांगे. त्या वर्षी देशात ३७ कोटी ५० लाख टन धान्य झाले असे जाहीर झाले. मागाहून सरकारी हिशेबातच ते २० कोटी टनांपर्यंत खाली आले. सरकारी वसुली मात्र फुगवलेल्या आकड्यांच्या हिशेबाने झाली. कोठारे भरली आणि खेडी रिकामी झाली. त्या दुष्काळातील मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, आणि सर्वांत जास्त पोळलेल्या प्रांतांत आन्हुई होता. १९७८ च्या त्या रात्री अंगठे उठवणाऱ्यांनी ही उपासमार पाहिलेली होती.

ही जुनी कथा झाली असे कोणी म्हणेल. परंतु जून २०२३ मध्ये चीनच्या शहरांत १६ ते २४ वयाच्या तरुणांतील बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, आणि ऑगस्टात सरकारने तो आकडा प्रसिद्ध करणेच थांबवले. जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा दिसू लागला तो विद्यार्थ्यांना वगळून. ह्या नव्या पद्धतीचे समर्थन करता येईल. परंतु आकडा अवघड झाला तेव्हा पहिला हात पडद्याकडे गेला, हे विसरता येत नाही.

*

आता माणसांच्या मोजणीकडे वळू. कारण सारे प्रकरण शेवटी तिथेच येऊन ठेपते.

१९५३ च्या शिरगणतीत चीनची लोकसंख्या अपेक्षेपेक्षा बरीच अधिक भरली. बीजिंग विद्यापीठाचे प्रमुख मा यिनचू हे अर्थशास्त्रज्ञ त्यामुळे अस्वस्थ झाले. १९५७ साली त्यांनी आपला प्रबंध मांडला: माणसे ह्या वेगाने वाढली तर भांडवल साठणार नाही, म्हणून संततिनियमनाचा प्रचार करा. माओंच्या लेखी माणूस म्हणजे दोन हात. मा यिनचूंवर टीकेची झोड उठली; पण त्यांनी माघार घेतली नाही आणि १९६० साली त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. १९७९ साली त्यांच्यावरचा कलंक सरकारने पुसला, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

आणि मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. सुंग च्यान नावाचे क्षेपणास्त्रांचे तज्ज्ञ होते. क्षेपणास्त्राचा मार्ग आखण्याचे गणित त्यांनी लोकसंख्येला लावले, आणि असेच चालले तर शंभर वर्षांत चारशे कोटींवर माणसे होतील असे दाखवले. खरे पाहता सक्तीवाचून बराच मार्ग आधीच कापला गेला होता, असेही म्हणता येत नाही. १९७० च्या दशकातील मोहिमेतही दडपण होतेच. तरी ‘उशिरा लग्न, अंतराने मुले, थोडी मुले’ ह्या मोहिमेने दर बाईमागे मुलांचे प्रमाण सुमारे ५.८ वरून २.७ वर आलेच होते. पण गणिताचा धाक मोठा. सप्टेंबर १९८० मध्ये पक्षाने सभासदांना खुले पत्र लिहिले: एकच मूल. त्याच पत्रात असेही होते की, तीस वर्षांनी ही अडचण सैल होईल आणि मग निराळे धोरण घेता येईल.

अंमलबजावणीत सगळीकडे सारखेपणा नव्हता. बहुतेक खेड्यांत पहिली मुलगी झाल्यास पुढे दुसऱ्या मुलाची सवलत मिळाली. परंतु दंड होते, सक्तीचे गर्भपात होते, आणि मुलगाच हवा ह्या हट्टापायी २००४ च्या सुमारास शंभर मुलींमागे १२० मुलगे जन्मत होते. धोरण तीस वर्षांनी मागे घेतले गेले नाही. २०१६ साली दोन मुलांना मोकळीक मिळाली, २०२१ साली तीन मुलांना. पाळणे मात्र हलेनात. २०१६ साली पावणेदोन कोटींहून अधिक मुले जन्मली होती. २०२३ साली जेमतेम ९० लाख. मधल्या २०२२ सालात, त्या मोठ्या दुष्काळानंतर प्रथमच, जन्मांपेक्षा मृत्यू अधिक झाले. २०२३ साली देशातील बालवाड्या १४ हजारांहून अधिक संख्येने घटल्या, २०२४ साली आणखी २१ हजारांहून अधिक. काही ठिकाणी त्याच इमारतींत म्हाताऱ्यांची सोय झाली. रोज सकाळी हजेरी घेणाऱ्या माणसाला ही बातमी वाचून कसेसेच होते. वर्ग रिकामा झाला की देशाचे वय कळते.

२०२५ साली सरकारने तीन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देऊ केले. ज्या सरकारने पूर्वी दुसऱ्या मुलाबद्दल दंड घेतला, तेच आता पहिल्यापासून बिदागी देत आहे. परंतु मूल होऊ नये असा हुकूम काढता येतो. व्हावे असा हुकूम कोणाच्या घरात चालत नाही.

*

१९५८ साली आणखी एक कायदा झाला होता. त्यात प्रत्येकाची नोंद जन्मगावी बांधली गेली. तिला ‘हुकोउ’ म्हणतात. पुढे कारखाने निघाले तेव्हा खेड्यातील पोरांना शहरात राबण्याची परवानगी मिळाली, पण त्यांची नोंद खेड्यातच राहिली. आज असे सुमारे ३० कोटी कामकरी आहेत. शहराचा रस्ता त्यांनी बांधला. शहरातील शाळा आणि दवाखाना त्यांच्या हक्काचा झाला नाही. अलीकडे नियम सैल होत आहेत. परंतु कोट्यवधी मुले आजीआजोबांपाशी खेड्यात वाढली, आणि खेड्यातील शाळा बेताच्याच होत्या. २०१० च्या शिरगणतीत कामकरी वयाच्या लोकांपैकी चौथाईच्या आसपास माणसे उच्च माध्यमिक शाळेपर्यंत पोचली होती. विटा वाहण्यास आणि शिवणयंत्र चालवण्यास तेवढे पुरले. आता यंत्रे आली, मजुरी वाढली, स्वस्त कामे व्हिएतनाम आणि बांगलादेशाकडे निघाली. ह्या माणसांनी पन्नाशीत कोणते नवे शिक्षण घ्यावे?

घरांची कथाही ह्याच वळणाची आहे. १९९४ च्या करसुधारणेत महसुलाचा मोठा भाग बीजिंगकडे गेला आणि खर्चाचा बोजा स्थानिक सरकारांवर राहिला. त्यांनी जमिनीचे हक्क विकून खर्च भागवण्यास सुरुवात केली. जमीन विकावयाची, तिच्यावर कर्ज काढावयाचे, इमारती उठवावयाच्या. वाढीचा आकडा चढतो आणि साहेब खूश राहतो. लोकांनीही आपली पुंजी घरांत घातली. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने कर्जांना लगाम घातला, तेव्हा खालचा पोकळपणा उघडा पडला. एव्हरग्रांड ही प्रचंड कंपनी २०२१ साली देणी चुकवू शकली नाही. जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा हुकूम दिला. तिच्यावर ३०० अब्ज डॉलरांहून अधिक देणे होते. २०२२ साली कित्येक शहरांत, अर्धवट राहिलेल्या घरांचे हप्ते भरण्यास लोकांनी नकार दिला.

मग आता वाढ यावी कोठून? लोकांनी खर्च करावा, असे सरकार म्हणते. चीनमध्ये घरगुती खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आतबाहेर आहे; मोठ्या देशांत इतके कमी प्रमाण क्वचितच आढळते. परंतु ज्या खेडुताला म्हातारपणी महिना सुमारे २०० युआन, म्हणजे आपले अडीच हजारांच्या आसपास रुपये मिळतात, तो गाठीचा पैसा सोडील कसा?

*

दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहासाशी प्रतारणा होईल. चीन कोसळणार असे भाकीत करणारे पुष्कळ झाले. २००१ साली एका ग्रंथकाराने त्यासाठी दहा वर्षांची मुदतही घातली. २०१० साली जपानला मागे टाकून चीन जगात दुसऱ्या क्रमांकावर आला. चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसे घोर दारिद्र्यातून वर आली. आज जलद रेल्वेचे सर्वांत मोठे जाळे त्यांच्याकडे आहे. २०२३ साली मोटारींच्या निर्यातीतही त्यांनी जपानला मागे टाकले. हे सारे खरे आहे आणि ते माणसांनी कष्टाने मिळवले आहे. तेव्हा उद्याच डोलारा कोसळेल असे मी म्हणणार नाही. जपानही कोसळला नाही. तो म्हातारा झाला आणि त्याचा वेग गेला. फरक इतकाच की जपान आधी श्रीमंत झाला. चीनमध्ये लोकच म्हणतात की, आपण श्रीमंत होण्याआधी म्हातारे होत आहोत.

मला वाटते ते एवढेच. रेल्वे, धरण, बंदर, कारखाना ही कामे हुकुमाने होतात, आणि चीनने ती अचाट वेगाने केली. आता ज्या गोष्टींची गरज आहे त्या हुकुमाने होत नाहीत. कोणी मूल होऊ द्यावे, कोणी निर्धास्तपणे पैसा खर्च करावा, कोणी खालून वर खरा आकडा कळवावा, ह्यांतल्या प्रत्येक गोष्टीला उद्याचा भरवसा लागतो. आणि ज्यांना पिढ्यान् पिढ्या आकड्यांप्रमाणे कमीजास्त केले, त्यांच्याकडूनच हा भरवसा आज मागितला जात आहे.

श्याओगांगच्या त्या रात्री एखाद्या घरात निजलेले तान्हे मूल आज माझ्याच वयाचे असेल. वयाच्या अठराव्या वर्षी, १९९६ च्या सुमारास, ते बहुधा कुठल्यातरी शहराच्या गाडीत बसले असेल. आता त्याच्या एका बाजूला म्हातारे आईबाप, दुसऱ्या बाजूला शहरात वाढलेले एखादे मूल, आणि मध्ये तो. त्याच्या बापाने अंगठा उठवला तेव्हा त्याला सरकारचा भरवसा नव्हता, शेजाऱ्याचा होता. मी गेलो तर माझी मुले हा सांभाळील, एवढ्या एका विश्वासावर त्याने मान पुढे केली. त्या कागदावर जमिनीच्या वाटणीचे कलम होते आणि मुलांना सांभाळण्याचेही होते. जमिनीचे कलम सरकारने उचलले आणि देश वर आला. दुसरे कलम मात्र अजून कागदावरच आहे.