पाच वॅटचा आवाज

देगलूरला आमच्या घरी माळ्यावर एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर होता. पूर्वी तो एका रेडिओग्रॅमच्या पोटात असे. रेडिओग्रॅमची लाकडी पेटी वाळवीने खाल्ली तेव्हा वडिलांनी पेटी जाळायला दिली. अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचे दोन स्पीकर मात्र गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले. काही वर्षांपूर्वी आईच्या तबकड्या पुन्हा ऐकाव्यात असे त्यांच्या मनात आले. जुन्या स्पीकरचे कागद फाटले होते, म्हणून मी शहरातून नव्या स्पीकरची जोडी नेली. दोन्ही एका पिशवीत मावतील एवढे लहान, आणि पाठीवर ऐटीत छापलेले : '१०० वॅट'. जोडणी केली, तबकडी लावली. गाणे शेजारच्या घरी चालू आहे असे वाटावे, एवढाच आवाज! खुंटी पुढे सरकवली तर स्वर चिरकू लागला. ओळखीच्या मिस्त्रीने तपासून निकाल दिला, "सर, मशीन म्हातारी झाली. पाच वॅटमध्ये काय होणार?" भंगारवाल्याने ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचा भाव सांगितला. वडील काहीच बोलले नाहीत.

मिस्त्रीचे निदान चुकले होते. पण त्याआधी मी चुकलो होतो, आणि विज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या माणसाने करू नये अशी ती चूक होती.

स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे त्याची सोसण्याची मर्यादा. बैलगाडीवर 'वीस पोती' असे लिहिले म्हणून ती वेगाने धावत नाही. आवाज किती निघेल हे सांगणारा आकडा वेगळाच असतो. स्पीकरला १ वॅट विद्युत्‌शक्ती द्यायची आणि समोर १ मीटरवर किती डेसिबेल आवाज भरतो ते पाहायचे. ही त्याची संवेदनशीलता. माझ्या नव्या स्पीकरसाठी हा आकडा ८४ होता. भिंतीत बसवलेल्या एखाद्या आदर्श स्पीकरने सगळीच्या सगळी वीज ध्वनीत बदलून समोरच्या अर्ध्या गोलात सारखी पसरवली, तर हा आकडा सुमारे ११२ येईल. दर १० डेसिबेलला शक्ती १० पटींनी बदलते हे ध्यानात घेऊन विद्यार्थ्यांना हिशेब करायला सांगा : २८ डेसिबेलचा फरक म्हणजे कार्यक्षमता ०.१६ टक्के. पाच वॅटपैकी ध्वनी बनली जेमतेम ८ मिलिवॅट. बाकीच्या शक्तीने स्पीकरची कॉइल तापली.

मग ज्या काळात पाच वॅट हीच चैन होती, त्या काळी लोक ऐकत कसे होते?

स्पीकर इतका वाया घालवणारा का असतो, ते आधी पाहू. हवा फार हलकी आहे. स्पीकरचा पडदा आणि त्याची कॉइल त्या मानाने जड. हाताचा पंजा हवेत जोरजोराने हलवा. हात दुखेल, हवेला फारसे काही कळणार नाही. जड वस्तूकडून हलक्या वस्तूकडे ऊर्जा सहजी जात नाही. त्यांच्यामध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतो. ग्रामोफोनच्या काळात हा मध्यस्थ होता कर्णा. त्या यंत्रात वीज नव्हतीच; ऊर्जा यायची ती किल्लीने आवळलेल्या स्प्रिंगकडून. ती तबकडी फिरवी, तबकडीच्या खाचा सुईला हलवीत, आणि एवढ्याशा हालचालीतून दिवाणखाना भरत असे. कर्ण्याच्या चिंचोळ्या गळ्यात हवेवर मोठा दाब पडतो, हळूहळू रुंदावत जाणाऱ्या तोंडाशी तोच दाब मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो. म्हणजे कर्णा हा हवेचा ट्रान्सफॉर्मर आहे.

आमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये विजेचा ट्रान्सफॉर्मर अगदी हेच काम करतो. त्यात ईएल८४ जातीचा एकेक व्हॉल्व्ह आहे. एका व्हॉल्व्हमधून सुमारे ५ वॅट मिळतात, आणि त्याला नुसते तापायलाच पावणेपाच वॅट लागतात! या व्हॉल्व्हला आपल्यापुढे सुमारे ५००० ओहमचा भार हवा असतो. स्पीकर असतो ८ ओहमचा. दोहोंचे गुणोत्तर ६२५, त्याचे वर्गमूळ २५. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे प्रमाण २५ ला १. माझे नवे स्पीकर ४ ओहमचे होते. त्यांना जोडताच व्हॉल्व्हला ५००० च्या जागी २५०० ओहमचा भार दिसू लागला. पाचातलाही काही वाटा गेला आणि स्वर लवकर चिरकू लागला. एका जोडणीत मी दोन विसंगती केल्या होत्या : एक विजेची, दुसरी हवेची.

या दोन्ही बाजू नीट जुळवल्या तर काय होते, हे १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या वेन्टे आणि थुरास यांनी दाखवून दिले. त्यांनी कर्ण्याच्या गळ्याशी बसणारा असा ध्वनियंत्राचा गाभा केला की त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या घरात गेली. बोलपटांचा जन्म नेमका याच सुमारास झाला, हा योगायोग नव्हे. शेकडो प्रेक्षकांच्या नाट्यगृहात आवाज पोचवायचा, आणि व्हॉल्व्ह तर मोजके वॅट देणारे. तेव्हा पडद्यामागे माणसाहून मोठे कर्णे उभे करणे भाग होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी माणसाने पडद्यावर आपली भाषा ऐकली. यंत्रसामग्री पुरवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३६ च्या सुमारास लहान चित्रपटगृहांसाठी जो अ‍ॅम्प्लिफायर काढला, त्यातून एका व्हॉल्व्हवर सुमारे ८ वॅट मिळत. आज आपल्या हातातल्या गाण्याच्या डब्यावर याहून मोठा आकडा छापलेला असतो.

त्याच १९३१ साली कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे ध्वनिवर्धकाची व्यवस्था केली ती मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या पेढीच्या नानिक मोटवाने यांनी. नाव अमेरिकन, घराणे सिंधी. हजारोंच्या सभेत गांधीजींचा आवाज पुढच्या रांगांपलीकडे जात नाही, हे मोटवाने यांनी पाहिले होते. पुढे अनेक वर्षे ही मंडळी आपली यंत्रे घेऊन अधिवेशनामागून अधिवेशने करीत राहिली. त्या काळच्या पुढाऱ्यांची छायाचित्रे पाठ्यपुस्तकात असतात, त्यांत मायक्रोफोनवरची 'शिकागो रेडिओ' ही पाटी विद्यार्थ्यांना शोधायला लावावी. डिसेंबर १९३६ मध्ये तर अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरले. अशा ठिकाणी वीज आपलीच न्यायची, आणि वॅट जपून वापरायचे. (याच मोटवाने घराण्याच्या नाशिकच्या कारखान्यातला मल्टिमीटर कित्येक शाळांच्या प्रयोगशाळेत सापडेल.)

आम्ही लहानपणी पाहिला तो या कर्ण्याचाच वंशज, म्हणजे भोंगा. देगलूर हे वारकऱ्यांच्या लेखी धुंडामहाराज देगलूरकरांचे गाव. तालुक्यात कोठे ना कोठे सप्ताह चालूच असे. लाईट गेली तरी कीर्तन थांबत नसे. ट्रकच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर अ‍ॅम्प्लिफायर चाले आणि लिंबावर बांधलेला भोंगा शिवारापर्यंत शब्द नेई. तार लांब असली की स्पीकरवाला भोंग्याजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावी. त्याचे कारण मला फार उशिरा कळले. ८ ओहमच्या भोंग्याला २० वॅट द्यायचे तर सुमारे १.६ अँपिअर प्रवाह लागतो. तारेचा रोध ४ ओहम असेल तर एक तृतीयांश शक्ती तारेतच संपते. पण तीच शक्ती १०० व्होल्टवर पाठवली तर प्रवाह ०.२ अँपिअर आणि तारेतली हानी ०.१६ वॅट. मोठ्या वीजवाहिन्यांचा दाब वाढवतात तो याच हिशेबाने. धडा शिकवताना लिंबावरच्या भोंग्याचे उदाहरण मनोऱ्यांपेक्षा लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

भोंग्याचे एक उणे मात्र सर्वांनी ऐकलेले आहे. बुवांचा शब्दन् शब्द कळतो, टाळ कानात घुसतात, पण पखवाजाचा घुमारा येत नाही. कर्ण्याच्या तोंडाचा घेर ध्वनीच्या तरंगलांबीएवढा तरी असावा लागतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या भोंग्याचा घेर सव्वा मीटर. म्हणजे २७० हर्ट्‌झच्या खाली त्याचा जोर ओसरतो. १०० हर्ट्‌झसाठी तोंड एक मीटरहून रुंद हवे. चित्रपटगृहाला हे परवडे, घराला नाही.

घरासाठी वाट काढली ती राईस आणि केलॉग या जोडीने, १९२५ मध्ये. त्यांनी कर्णा काढून टाकला, मोठा हलका कागदी शंकू घेतला आणि तो फळीत बसवला, कारण फळी नसेल तर शंकूच्या पुढची हवा मागे वळून खालचे स्वर पुसून टाकते. कार्यक्षमता कर्ण्याच्या मानाने फारच घसरली, तरी टक्का-दोन टक्के राहिली. मागून उघडी असलेली लाकडी पेटी, हलका शंकू आणि पाच वॅट, या हिशेबावर रेडिओग्रॅमची पिढी सुखाने जगली.

हा हिशेब मोडला १९५४ साली. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी पेटी हवाबंद केली, आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग बनवले आणि शंकू जड केला. पुस्तकांच्या फळीवर ठेवता येईल एवढ्या पेटीतून पखवाजाचा घुमारा निघू लागला. त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, एकाच्या जागी दोन पेट्या ठेवायची वेळ आली, तेव्हा लहान पेटी सगळ्यांनाच हवीशी वाटली. व्हिलचर यांच्या परंपरेतलेच एक अभियंते हॉफमन यांनी हे रोखठोक मांडले : लहान पेटी, खालचे स्वर आणि कार्यक्षमता, यांतली कोणतीही दोन मागा, तिसरी मिळणार नाही. ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर स्मॉल यांनी याला पुरते गणिती रूप दिले. तोवर ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले होते. पन्नास वॅट मिळत असताना पंचेचाळीस वाया गेल्याचे दुःख कोण करणार? माझ्या मते ही निवड चूक नव्हती. पण दोन युगांतल्या वस्तू एकमेकींना जोडल्या तर माझ्यासारखी फजिती होते.

माळ्यावरचे जुने आठ इंची स्पीकर मी नांदेडला नेऊन त्यांना नवे कागदी शंकू बसवून घेतले. देगलूरच्या सुताराने प्लायवुडच्या दोन फळ्या कापून दिल्या, तीन फूट उंच, अडीच फूट रुंद, मागून मोकळ्या. ओहमही पुन्हा आठ झाले. मोबाइलमधल्या ध्वनिमापकाने दोन्ही जोड्या एकाच तबकडीवर, एकाच अंतरावर तोलल्या. खरा आकडा असे मापक देत नाही, फरक मात्र बऱ्यापैकी दाखवते. तो भरला ९ डेसिबेल, म्हणजे शक्तीच्या हिशेबात जवळजवळ आठपट. पाच वॅटचे यंत्र चाळिसाचे काम करू लागले. शाळेत असा प्रयोग करणाऱ्यांना एक ताकीद : व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालवू नये, ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही धारित्रांत काही काळ राहतात. झाकण विद्यार्थ्यांनी उघडायचे नाही.

वडिलांनी आईची तबकडी लावली तेव्हा डग्गा पहिल्या ठेक्यालाच ऐकू आला. ते खुंटीपाशी उभे होते. ती पाव फेरीच्या पुढे न्यावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा निरोप आला, "दुपारच्याला जरा हळू लावा म्हणावं."