गरम पाइपची गोधडी: इंजिनाचं धुराडं झाकण्याचा इतिहास

मी मलकापूरचा, बीटेक झालेला आणि पोटापाण्यासाठी कोड लिहिणारा तुमचा मित्र. आजचा विषय जरा गरम आहे. इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपवर गुंडाळलेलं ते जाड कापड तुम्ही पाहिलं असेल. आपल्या हायवेवरच्या गॅरेजमध्ये जनरेटरच्या पाइपवर तर ते हमखास दिसतं. हे कापड आलं कुठून आणि त्यापायी कोणी किती किंमत मोजली, ते आज ऐकू.

आधी थोडं विज्ञान. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता चाक फिरवते. तेवढीच जवळपास एक्झॉस्टमधून बाहेर जाते, आणि उरलेली मुख्यतः कूलिंगमध्ये. पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी हा धूर पूर्ण लोडवर ९०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचू शकतो. रस्त्यावर धावताना पाइपला वारा लागतो. टेस्टिंगच्या खोलीत मात्र इंजिन जागेवर बोल्टने घट्ट बसवलेलं असतं आणि तासन् तास पूर्ण लोडवर चालतं. पाइप लालभडक होतो. शेजारीच वायरी, सेन्सर, डिझेलची नळी आणि काम करणारी माणसं. जहाजांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की गळतं तेल उडू शकेल अशा ठिकाणी २२० अंशांपेक्षा जास्त तापणारा पृष्ठभाग झाकलाच पाहिजे. कारण साधं आहे, डिझेलचा फवारा त्यावर पडला की आग.

म्हणजे झाकायचं तर आहे. पण कशानं?

सुरुवात लाकडापासून झाली. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवर लाकडी फळ्या आणि नमदा बांधायचे. अशा आवरणाला इंग्रजीत आजही ‘लॅगिंग’ म्हणतात. हा शब्द पिंपाच्या फळीसाठी असलेल्या ‘लॅग’वरून आला. आपल्या मलकापूरवरून जाणारी जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, तो काळ वाफेचाच. पुढे वाफेचा दाब आणि तापमान वाढत गेलं, लाकूड करपायला लागलं आणि अ‍ॅस्बेस्टॉस आलं. दगडातून निघणारा धागा, जळत नाही, विणता येतो, वर स्वस्त. बॉयलरवर त्याच्या गाद्या, पाइपवर त्याची दोरी आणि टेप. पुढे डिझेल इंजिनांच्या पाइपवरही जगभर तेच गुंडाळलं गेलं.

घोळ कुठे झाला, तर काढताना. बॉयलरचं सर्टिफिकेट दरवर्षी नवं करावं लागतं, आपल्याकडे १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून. तपासायचं म्हणजे काही ठिकाणी आवरण सोलायचं. सोललं की धूळ, आणि ती धूळ थेट फुप्फुसात. १९२४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केर्शॉ ३३ व्या वर्षी गेली. डॉक्टरांनी तिच्या आजाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. १९३१ मध्ये ब्रिटनने धुळीवर नियम केले. आणि आपण? सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आला तो २७ जानेवारी १९९५ ला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा, असाही आदेश दिला. ४० वर्षं का? कारण हा आजार तेवढी वाट पाहू शकतो. १९२४ ते १९९५, हिशेब तुम्हीच करा. अरे बाप्पा!

आता टेस्टिंगकडे येऊ. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, १९६६ मध्ये एआरएआय. इंजिन बनवण्याइतकंच ते तपासणंही महाराष्ट्राचं काम झालं. टेस्टिंगच्या खोलीत पाइप वर्षातून एकदा उघडून भागत नाही. सेन्सर बदला, कॅटॅलिस्ट बदला, गळती शोधा, हे सारखं चालू असतं. चिकटवलेलं आवरण दर वेळी फोडावं लागतं. म्हणून आलं काढता-घालता येणारं जॅकेट. आत स्टीलची जाळी किंवा सिलिकाचं कापड, मध्ये तंतूंची जाड गादी, बाहेर लेप दिलेलं काचेचं कापड, कडेला हूक आणि स्टीलची तार. थेट आपली गोधडी! काढा, काम करा, परत घाला. तेल मुरलं तर मात्र बदला, नाहीतर गोधडीच पेटेल.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ लागू झालं. कॅटॅलिस्ट नीट काम करायला साधारण २५० ते ३०० अंश लागतात. त्यामुळे पाइप किती थंड होतो यावर मोजमापाचा आकडाही हलतो. ट्रक-बसच्या इंजिनांसाठीच्या युरोपीय नियमात तर लिहिलंय की ४ मीटरपुढचा पाइप झाकायचा आणि आवरण किमान २५ मिलिमीटर जाड हवं. म्हणजे जॅकेट हा मोजमापाचा भाग झाला. ते दर वेळी तसंच्या तसं बसलं नाही, तर आजचा आणि उद्याचा आकडा जुळणार नाही.

पण एक लक्षात ठेवा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी आलेला सिरॅमिक धागाही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला ‘कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात ठेवलंय. म्हणून शरीरात लवकर विरघळणारे नवे तंतू आले. अ‍ॅस्बेस्टॉस निवडताना जळतं का आणि स्वस्त आहे का, एवढंच पाहिलं गेलं. हे पुन्हा सोलणार कोण, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला गेला.

तुमच्यापैकी कोणी गॅरेजमध्ये काम करत असेल तर ऐका. जुन्या पाइपवर राखाडी-पांढरी दोरी दिसली, तर ती कोरडी ओढू नका आणि कॉम्प्रेसरने उडवू तर अजिबात नका. ते काम माहितगारावर सोपवा. आणि हा एपिसोड तुमच्या मिस्त्री मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!