हृदयाची ओळख आणि मुंबईचे दोन धन्वंतरी

मराठी भाषेने हृदयाला फार मोठा मान दिला आहे. करुणा हृदयातून पाझरते, दुःखाने काळीज फाटते आणि धैर्यवान पुरुष वाघाच्या काळजाचा म्हणून ओळखला जातो. संतांनी व कवींनी हृदय हे भावनांचे आसन मानले. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र हृदय म्हणजे मुठीएवढा, सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा, अहोरात्र चालणारा एक स्नायुमय पंप आहे. या पंपाचे रहस्य उलगडण्यास मानवाला शेकडो वर्षे लागली. त्या प्रदीर्घ वाटचालीतील दोन महत्त्वाचे टप्पे आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या परळ भागातील एका रुग्णालयाशी संबंधित आहेत, ही गोष्ट समाजातील नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही. त्या दोन टप्प्यांची ओळख करून देणे आणि त्यातून इस्लामपूरसारख्या गावातील कुटुंबांनी कोणता बोध घ्यावा याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हृदयाचे कार्य

हृदयाचे चार कप्पे असतात. शरीरातून परत आलेले अशुद्ध रक्त उजव्या बाजूच्या कप्प्यांत येते व तेथून फुफ्फुसांकडे जाते. फुफ्फुसांत प्राणवायू घेऊन शुद्ध झालेले रक्त डाव्या बाजूस येते आणि तेथून महारोहिणीवाटे सर्व शरीरभर पोहोचते. रक्त मागे फिरू नये म्हणून कप्प्यांच्या दारांशी झडपा असतात. निरोगी मनुष्याचे हृदय मिनिटाला सुमारे सत्तर वेळा, म्हणजे दिवसाकाठी एक लक्ष वेळा आकुंचन पावते आणि दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. चोवीस तासांचा हिशेब केला तर ही उलाढाल सात हजार लिटरांच्या घरात जाते. या पेढीला ना सुट्टी, ना साप्ताहिक बंद.

रक्त हे असे वर्तुळाकार फिरते, हे १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने सप्रमाण सिद्ध केले. १८१६ साली फ्रान्समध्ये लाएनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. १८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन तयार केले. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडच्या आइंटहोवेन यांनी हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजेच आजचा ई.सी.जी., काढून दाखविला आणि त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदय सर्व शरीराला रक्त पुरविते. परंतु स्वतःच्या स्नायूंसाठी त्याला निराळ्या रोहिण्यांवर अवलंबून राहावे लागते. या रोहिण्यांच्या आतल्या बाजूस चरबीचा थर साचत गेला आणि एके दिवशी तेथे रक्ताची गुठळी झाली, की हृदयाच्या त्या भागाचा पुरवठा तुटतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. झटका एका क्षणात येतो. त्याची तयारी मात्र वीस-पंचवीस वर्षे गाजावाजा न होता चाललेली असते.

दानातून उभे राहिलेले विद्यालय

विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात मुंबईतील सरकारी वैद्यकीय सेवेत वरच्या जागा बहुतांशी इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. अशा काळात शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळ येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन करण्यासाठी देणगी दिली आणि तीसोबत एक अट घातली. या महाविद्यालयातील अध्यापक भारतीयच असावेत, अशी ती अट होती. १९२६ साली हे महाविद्यालय व त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले. एका व्यापारी घराण्याच्या दानातून आणि विश्वस्तांच्या दूरदृष्टीतून भारतीय डॉक्टरांना स्वतःच्या हिमतीवर संशोधन करण्याची जागा मिळाली. पुढे ज्या दोन धन्वंतरींचा उल्लेख येणार आहे, त्या दोघांचेही कार्य याच वास्तूत बहरले.

डॉ. रुस्तम जाल वकील आणि सर्पगंधा

पहिले नाव डॉ. रुस्तम जाल वकील यांचे. १९११ साली जन्मलेले हे पारशी डॉक्टर लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन मुंबईस परतले आणि त्यांनी हृदयविकाराच्या अभ्यासास वाहून घेतले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे व रोज घेता येण्याजोगे औषध जवळजवळ नव्हते. विश्रांती व अळणी जेवण यांपलीकडे वैद्याच्या हाती फारसे काही नसे.

आपल्या देशात सर्पगंधा ही वनस्पती पूर्वापार परिचित होती. निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर तिची मुळी दिली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाबही उतरविते असे नमूद केले होते. डॉ. वकील यांनी मात्र ऐकीव माहितीवर विसंबून न राहता रुग्णांचा रक्तदाब औषधापूर्वी व औषधानंतर काटेकोरपणे मोजला, नोंदी ठेवल्या, आणि पन्नास रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या एका निबंधाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या भारतीय मुळीकडे वेधले गेले. अमेरिकेत बॉस्टन येथे तिच्यावर प्रयोग झाले आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील ‘रेसरपिन’ हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार व १९५८ साली भारत सरकारचा पद्मभूषण हा किताब लाभला.

पुढे अधिक सुरक्षित औषधे निघाली व सर्पगंधेचा वापर मागे पडला. तिच्या अतिरिक्त सेवनाने मन खिन्न होते असेही आढळले. म्हणून आज कोणी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. परंतु रक्तदाब मोजावा, तो वाढला असेल तर रुग्णाला काही त्रास जाणवत नसला तरी उतरवावा, हा विचार औषधाच्या साह्याने प्रत्यक्षात आणण्याचा मार्ग ज्यांनी जगाला दाखविला, त्यांत मुंबईच्या या डॉक्टरांचे स्थान अग्रणी आहे.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि १६ फेब्रुवारी १९६८

दुसरे नाव शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे. १९१५ साली जन्मलेले डॉ. सेन हे मूळचे बंगाली. परंतु त्यांची कर्मभूमी मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हीच ठरली. त्या काळी आपल्याकडे सांधेतापाने हृदयाच्या झडपा आखडलेले तरुण रुग्ण फार मोठ्या संख्येने येत. बालपणी घसा सुजून ताप येतो, सांधे धरतात, आणि पुढे त्याचा घाव झडपांवर बसतो, असा हा रोग आहे. डॉ. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया अपुऱ्या साधनांनिशी केल्या आणि हृदयशल्यक्रियेचा एक विभागच उभा केला.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, डॉ. सेन यांनी के.ई.एम. रुग्णालयात भारतातील पहिले हृदयरोपण केले. मानवी हृदयाचे ते जगातील सहावे रोपण होते व डॉ. सेन हे असे धाडस करणारे जगातील चौथे शल्यविशारद होते. नवे हृदय रुग्णाच्या छातीत धडधडू लागले. परंतु सुमारे तीन तासांतच रुग्ण दगावला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या रोपणातील रुग्ण काही तासच जगला.

हे अपयश हातांच्या कौशल्याचे नव्हते. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून लागणारी प्रभावी औषधे त्या वेळी उपलब्ध नव्हती. मेंदू मृत झाल्यावर मनुष्य मृत मानावा की नाही, याविषयी आपल्या देशात कायदाही नव्हता. तो कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. ते पाहण्यास डॉ. सेन हयात नव्हते. १९८२ साली त्यांचे निधन झाले होते. मुंबईत पुन्हा हृदयरोपण होण्यास तर ऑगस्ट २०१५ उजाडावे लागले. त्या वेळी पुण्यातून आणलेले हृदय मुलुंड येथे डॉ. अन्वय मुळे यांनी एका तरुणाच्या छातीत बसविले.

दोन वाटा, एक बोध

हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. डॉ. सेन यांची वाट तेजस्वी होती. वर्तमानपत्रांचे मथळे तिच्या वाट्यास आले. डॉ. वकील यांची वाट शांत होती; दंडाला बांधलेला पट्टा, रोजची नोंद आणि एक साधी गोळी. हृदय निकामी झाल्यावर शस्त्रक्रिया हा मोठा आधार आहे यात शंका नाही. परंतु हृदय निकामी होऊ न देण्याचे काम दुसऱ्याच वाटेने होते. १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली. त्यातूनही हेच निष्पन्न झाले, की वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही हृदयविकाराची प्रमुख कारणे आहेत व ती आधीच ओळखता येतात.

महाराष्ट्रातील सुविख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांनी असंख्य रुग्णांच्या हृदयांवर शस्त्रक्रिया केल्या. २००३ सालच्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानेच त्यांचे निधन झाले आणि सारा महाराष्ट्र हळहळला. हृदयरोग पद, पैसा वा ज्ञान पाहून थांबत नाही, याची ती कठोर जाणीव होती.

आपल्या परिसरात

वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले आणि २०२५ साली राज्य शासनाने ज्याचे ईश्वरपूर असे नामांतर जाहीर केले ते इस्लामपूर, हे मूलतः शेतीचे व बाजारपेठेचे गाव. पूर्वी मोठे दुखणे आले की मिरज गाठावी लागे. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तेथे सुरू केलेल्या रुग्णालयाने या भागातील कित्येक पिढ्यांना आधार दिला. आता कराड, सांगली, कोल्हापूर येथेही हृदयोपचार होतात. अडचणीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका व महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना यांचाही लाभ घेता येतो.

सोयी वाढल्या, तशी राहणीही बदलली. शेतावर व बाजारगावी पायी जाणारे पूर्वज आणि दिवसभर गादीवर वा गल्ल्यावर बसणारी आजची पिढी यांच्या हृदयांवर पडणारा भार सारखा नाही. आपण शाकाहारी आहोत, तेव्हा हृदयविकार आपल्या घरी कशाला येईल, असा एक समज समाजात आढळतो. तो सर्वस्वी खरा नाही. शाकाहार हितकारक आहेच. परंतु तळलेले फरसाण, वनस्पती तूप, मिठाई, पापड आणि लोणची हेही शाकाहारच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी मिठाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, सांगितली आहे. लोणचे-पापडांच्या ताटात ती केव्हाच ओलांडली जाते. सूर्यास्तापूर्वी भोजन, मिताहार आणि उणोदरी हे आपल्या आचारधर्माचे नियम शरीरालाही उपकारक आहेत. मात्र पारण्याच्या दिवशी त्या संयमाची भरपाई केली तर लाभ उरत नाही.

दशलक्षण वा पर्युषण पर्वात उपवास करणाऱ्या मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. व्रत आरंभण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून वेळा ठरवून घ्याव्यात. रक्तदाब उतरला म्हणून गोळी सोडणे म्हणजे छप्पर गळायचे थांबले म्हणून भर पावसाळ्यात कौले काढून ठेवण्यासारखे आहे.

तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल किती वेळाने तपासायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. तंबाखू, मिश्री, विडी, सिगारेट यांचा पूर्ण त्याग करावा. मुलांचा घसा सुजून ताप आला तर दुर्लक्ष करू नये. छातीत दाबल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, पाठीत वा जबड्यात जाणे, दरदरून घाम येणे, ही लक्षणे दिसताच गॅस झाला असेल म्हणून ओवा-सोडा घेत बसू नये. स्त्रियांत व मधुमेहींत पुष्कळदा नुसती धाप व थकवा एवढेच लक्षण असते. अशा वेळी पहिला तास सोन्याच्या मोलाचा असतो. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आपल्या परंपरेने आहारदान, ज्ञानदान व अभयदान यांच्या पंक्तीला औषधदानाला बसविले आहे. परळच्या विश्वस्तांनी दिलेल्या एका देणगीने पुढे केवढे कार्य घडले, हे वर पाहिलेच. सुवर्णमहोत्सवी संस्थेने प्रवचनानंतर एक टेबल, एक रक्तदाबमापक व एक नोंदवही एवढीच व्यवस्था दरमहा केली, तरी समाजातील कितीतरी घरांचा आधारस्तंभ अकाली कोसळण्यापासून वाचेल. डॉ. वकील यांनी पन्नास रुग्णांच्या नोंदवहीतून जगाला वाट दाखविली. आपणही पन्नास नावांची नोंदवही उघडावी. औषधदानाचा तो शुभारंभ ठरेल.