परवडणारी लीव्हर रायफल

चापाभोवतीची पोलादी कडी खाली ओढायची आणि परत वर मिटायची. एवढ्या एका हालचालीत रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा चढतो आणि नवे काडतूस नळीच्या मागच्या टोकात बसते. लीव्हर रायफल म्हणतात ती ही. तिची .22 बोरची धाकटी जात अमेरिकेत रिकामे डबे आणि कागदी लक्ष्ये टिपण्याच्या हौसेसाठी 1884 पासून विकली जात आहे. काडतूस स्वस्त, आवाज बेताचा आणि खांद्याला धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे नवशिक्यालाही ती झेपते. रायफल स्वतः मात्र बराच काळ स्वस्त नव्हती. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी चांगली लीव्हर रायफल मिळायला शंभरहून अधिक वर्षे जावी लागली.

काडतुसाची गोष्ट आधी. 1845 च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई-निकोला फ्लोबेर याने बार पेटवणाऱ्या स्फोटक टोपीतच बारीक गोळी बसवून दिवाणखान्यात उडवण्याजोगे काडतूस केले. स्मिथ आणि वेसन यांनी 1857 मध्ये आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी ते लांबवले आणि त्यात दारू भरली. तेच पुढे .22 शॉर्ट म्हणून ओळखले गेले. या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या बुडाशी पोकळ कड असते आणि स्फोटक मसाला त्या कडेत पसरलेला असतो. घोड्याचा घाव कडेवर बसला की ती चेपते आणि मसाला पेटतो. म्हणून नाव रिमफायर. कड चेपण्याइतकी मऊ ठेवायची म्हणजे पितळ पातळच हवे, आणि पातळ पितळाला जास्त दाब सोसत नाही. एकदा उडालेली पुंगळी पुन्हा भरताही येत नाही. याच मर्यादांमुळे ते यंत्रावर भराभर आणि अल्प खर्चात तयार होते. 1887 मध्ये स्टीव्हन्स कंपनीचे .22 लाँग रायफल आले आणि त्याने बाकीच्या भावंडांना मागे टाकले. ऑलिंपिकमधील 50 मीटर रायफल स्पर्धाही याच काडतुसावर होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले तेही याच काडतुसावर. एनसीसीच्या छात्रांना परिचयाची ‘पॉइंट टू टू’ याच घराण्यातली, फक्त ती बोल्टची.

लीव्हरचा उगमही रिमफायरशी जोडलेला आहे. सेफ्टी पिनचा जनक वॉल्टर हंट याने 1840 च्या दशकाच्या अखेरीस पोकळ गोळीत दारू भरून चालणारी आवर्ती, म्हणजे एकदा भरून एकामागून एक बार काढणारी, रायफल रचली होती. ती कल्पना हातोहात फिरत व्होल्कॅनिक कंपनीकडे आणि तिथून शर्टांचे कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर यांच्याकडे आली. त्यांच्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री याने 1860 मध्ये .44 रिमफायर काडतूस वापरणाऱ्या लीव्हर रायफलचे पेटंट घेतले. नळीखालच्या नळकांड्यात 16 काडतुसे मावत. अमेरिकेच्या यादवी युद्धात ती गाजली. पुढे अधिक जोरदार काडतुसे हवी झाली तेव्हा रिमफायरची पातळ कड अपुरी पडली आणि 1873 च्या विंचेस्टरमध्ये बुडाच्या मध्यभागी टोपी असलेले काडतूस आले. मोठ्या लीव्हर रायफली त्यानंतर त्याच वाटेने गेल्या.

1884 मध्ये विंचेस्टरने या 1873 मॉडेललाच .22 ची नळी बसवली. अमेरिकेत विकली गेलेली ही पहिली आवर्ती .22 रायफल मानली जाते. पण शिकारी रायफलचा तोच जाडजूड सांगाडा, तेच वजन, तीच घडणावळ, आणि आत बोटाच्या पेरापेक्षा बारीक काडतूस! शिवाय एका रायफलला एकाच लांबीचे काडतूस चाले. 1904 पर्यंत जेमतेम 19,000 खपल्या, तर मोठ्या बोरच्या 1873 चा खप लाखांत होता. विंचेस्टरने यावर शोधलेला उतारा लीव्हरचा नव्हताच. जॉन ब्राउनिंगने रचलेली 1890 ची रायफल पुढची मूठ मागेपुढे सरकवून चालत असे. जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानांत साखळीने बांधलेली दिसे ती हीच, आणि तिचा खप सुमारे साडेआठ लाखांवर गेला. ज्यांना तीही महाग पडे अशा घरांतल्या मुलांसाठी स्टीव्हन्ससारख्या कंपन्यांच्या एकेरी बाराच्या रायफली होत्या.

लीव्हरची .22 टिकली ती मार्लिनमुळे. न्यू हेवनच्या या कंपनीसाठी एल. एल. हेपबर्न याने 1891 मध्ये खास .22 साठी बेतलेली लीव्हर रायफल केली. शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसे ती सरमिसळ खात असे. विंचेस्टरला हेच जमले नव्हते. 1897 मध्ये ती दोन तुकड्यांत सुटी होऊ लागली, 1922 मध्ये तिला 39 हे नाव मिळाले आणि 1939 मध्ये 39ए हे रूप आले. तिच्या उजव्या अंगाला दातेरी कडांचा मोठा स्क्रू असतो. तो बोटांनी, फार तर नाण्याने, सैल केला की दस्त्याकडचा भाग आणि नळीकडचा भाग अलग होतात. बोल्ट हातात येतो आणि नळी मागच्या बाजूने पुसता येते. बहुतेक लीव्हर रायफलींची नळी तोंडाकडून पुसावी लागते आणि त्यात तोंडाची कड झिजते, हे लक्षात घेतले की या एका स्क्रूची किंमत कळते. नळकांड्यात लाँग रायफल 19 आणि शॉर्ट 26 मावत. कंपनीचे दिवस मात्र सारखे नव्हते. 1924 मध्ये ती लिलावात निघाली तेव्हा वकील फ्रँक केना यांनी ती 100 डॉलरला घेतली. डोक्यावर एक लाख डॉलरचे गहाण होते ते वेगळेच. केना कुटुंबाने ती 2007 पर्यंत चालवली.

39ए चांगली होती, पण स्वस्त कधीच नव्हती. बोल्टच्या रायफलमध्ये मुख्यतः एक गोल दांडा नळकांड्यात मागेपुढे सरकतो. तो लेथवर पटकन होतो. लीव्हरला मात्र कडी, तिची बिजागरी, काडतूस वर उचलणारा पाळणा आणि उघडा घोडा असे कितीतरी भाग लागतात आणि ते एकमेकांशी नेमके जुळवावे लागतात. मार्लिन ते घडीव पोलादातून कोरून काढी. त्यातच 1964 मध्ये रुगरने 10/22 ही स्वयंचलित भरणाची रायफल आणली. .22 चा दाब इतका कमी की पुंगळीच्या धक्क्यानेच बोल्ट मागे जातो, कडी लागतच नाही. केवळ उपयोग आणि दाम पाहणाऱ्याला त्यानंतर लीव्हर घेण्याचे कारण उरले नाही. ती घेणारा गिऱ्हाईक हौशीचा होता, आणि ही हौस पडद्याने जोपासली होती.

1950 च्या दशकात अमेरिकी घरांत टीव्ही आला आणि त्याबरोबर काउबॉय आले. ‘द रायफलमॅन’ मालिका 1958 पासून पाच वर्षे चालली. तिच्या नायकाच्या हाती विंचेस्टर 1892 होती आणि मुलांना तशीच हवी होती. इथाका कंपनीने 1961 मध्ये काढलेली 49 ही या मागणीची सर्वांत चलाख, काहीशी लबाडही, पूर्तता म्हणावी लागेल. दिसायला अस्सल घोडेस्वारी रायफल, नळीखाली लांब नळकांडे, पण ते नुसते शोभेचे. कडी ओढली की कवाड उघडे, काडतूस हाताने एकेक घालावे लागे आणि घोडाही वेगळा चढवावा लागे. लहान मुलाला शिकवायला ही सक्तीची सावकाशी उलट बरीच. याउलट 1963 च्या विंचेस्टर 250 मध्ये घोडा आत दडवला होता. ती दहा वर्षे चालली आणि मागे पडली. हौसेने घेणाऱ्याला घोडा दिसायला हवा असतो.

पुढची पिढी सफाईदार होती, पण महाग. 1969 च्या सुमारास आलेली ब्राउनिंगची बीएल-22 जपानच्या मिरोकू कारखान्यात घडते. तिची कडी अवघी 33 अंश फिरते आणि चापही कडीबरोबरच खाली जातो, त्यामुळे बोट मध्ये चिमटत नाही. विंचेस्टरची 9422 ही 1972 पासून 2005 पर्यंत निघाली. कारागिरीत तिचे नाव आजही आदराने घेतले जाते.

भाव खाली आणला तो जर्मनीच्या एर्मा कारखान्याच्या रचनेने. 1996 मध्ये लुई इंपेराटो आणि मुलगा अँथनी यांनी ब्रुकलिनमध्ये हेन्री नावाची कंपनी काढली. जुन्या बेंजामिन हेन्रीशी तिचा संबंध नावापुरताच. 1997 मध्ये बाजारात आलेली तिची पहिली रायफल एच001 ही एर्माच्या वळणाची होती. यंत्रणेचा डबा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव आणि वरून काळे झाकण. घडीव पोलादाची सवय असलेल्यांनी नाके मुरडली. पण .22 च्या सौम्य दाबाला हा धातू पुरतो, आणि कडी कोऱ्या रायफलमध्येच इतकी सुळकन फिरते की दुकानात हातात घेणाऱ्याला ओतीव डब्याची आठवण राहत नाही. दस्ता अक्रोडाचाच ठेवला होता. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे या कंपनीला बरोबर कळले. दहा लाखांहून अधिक एच001 विकल्या गेल्या.

2020 नंतर ब्राझीलच्या रॉसीने रिओ ब्राव्हो आणून दर आणखी खाली खेचला. तिला लाकडी किंवा प्लास्टिकचा दस्ता मिळतो. बेताचा पैसा असलेल्याची निवड आज बहुधा या दोघींत होते. रॉसीत सुरक्षेची आडवी खिट्टी आहे. मूळ एच001 मध्ये तशी खिट्टी नाही, तिचा भरवसा घोडा पावच चढून अडतो त्या खाचेवर. दोन्हींत काडतुसे भरताना नळीखालचे आतले पितळी नळकांडे तोंडाकडून उपसावे लागते, त्यामुळे त्या वेळी हात नळीच्या तोंडासमोर न नेण्याची शिस्त लागते. डबा मोकळा झाला असे वाटले तरी कडी दोनदा ओढून पाळण्यावर एखादे काडतूस अडकले नाही ना, हे पाहणारेच शहाणे. नेम धरण्याची पुढची माशी आणि मागची खाच तरुण डोळ्यांना पुरतात. दुर्बीण लावायची असेल तर वरच्या खोबणी आधी पाहाव्यात.

जुन्या 39ए ची हौस असलेल्याला आता जुना बाजारच धुंडाळावा लागतो. 2007 अखेर रेमिंग्टनकडे गेलेल्या मार्लिनचा नॉर्थ हेवनचा कारखाना 2011 मध्ये बंद झाला आणि 2020 मध्ये, रेमिंग्टनच्या दिवाळ्यानंतर, ती रुगरने घेतली. रुगरने आधी मोठ्या बोरच्या मार्लिन पुन्हा सुरू केल्या. दरम्यान चांगल्या स्थितीतील 39ए चा भाव नव्या हेन्रीच्या कितीतरी वर गेला आहे. घेणारे आधी तो दातेरी स्क्रू सोडवून दोन्ही भागांचा जोड ढिला झाला आहे का, हे पाहतात आणि मगच किमतीचे बोलतात.