साखरेच्या खिडक्यांचं घर

नाताळात मुलांसोबत बसून जिंजरब्रेडचं घर बांधायचं, ही युरोपातली फार जुनी, मध्ययुगीन प्रथा असल्याचं सर्रास सांगितलं जातं. जुना आहे तो त्यातला केक. घर बरंच अलीकडचं, आणि त्यात मुलांचा हात लागला तो तर त्याहून अलीकडे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला भोवतालच्या जंगलातला मध मिळे, आणि दालचिनी, लवंग, सुंठ, मिरी हा पूर्वेचा माल व्हेनिसमार्गे येई. त्या जोरावर तिथे मसालेदार केकचा धंदा उभा राहिला आणि 1643 मध्ये या बेकरांचा स्वतंत्र संघही झाला. कोरीव लाकडी साच्यांत दाबून ते स्वार, हृदयं, संतांच्या आकृती काढत. हा धंदा परवानगीचा आणि उमेदवारीचा होता. 1487 मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने शहरातल्या मुलांना आपली छबी असलेले केक वाटले, असं सांगतात. त्या गोष्टीतही मूल आहे ते फक्त घेणारं.

कोणी म्हणेल, साचे होते, केक होता, मग घरंही होत असतीलच. पण साच्यातून निघते ती सपाट वडी. घर उभं करायचं तर कडक भाजलेल्या सरळ कडांच्या पाट्या लागतात आणि त्या जोडायला अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर घोटून केलेलं घट्ट आयसिंग लागतं. म्हणजे साखर भरपूर हवी, आणि ती घरोघरी परवडायला हवी. ग्रिम बंधूंनी ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ छापली 1812 मध्ये. त्या वेळी नेपोलियनच्या व्यापारबंदीमुळे उसाची साखर युरोपात दुर्मीळ झाली होती. गोष्टीतलं घरही जिंजरब्रेडचं नाही: भिंती पावाच्या, छप्पर केकचं आणि खिडक्या स्वच्छ साखरेच्या. दुष्काळात घराबाहेर काढलेल्या भुकेल्या पोरांना पडलेलं ते स्वप्न होतं. बीटपासून साखर काढण्याचा पहिला कारखाना सायलेशियात त्याच्या दहाएक वर्षं आधी निघाला होता, पण साखर खरी स्वस्त झाली ती पुढच्या दशकांत. संगीतकार हुम्परडिंकचा याच कथेवरचा ऑपेरा 23 डिसेंबर 1893 रोजी वायमारला रंगमंचावर आला, तोवर ते घर नाताळाशी जोडलं गेलं होतं. म्हणून मला वाटतं, या प्रथेच्या जन्मात बेकरांच्या परंपरेपेक्षा गोष्टीचा आणि साखरेचा वाटा मोठा आहे.

भुकेल्या मुलांना पकडणाऱ्या चेटकिणीचं घर सणाची शोभा कसं काय, हा आक्षेप रास्त आहे. माझ्या मते उत्तर बांधण्यात आहे. गोष्टीतलं घर मुलांना सापळा म्हणून तयार मिळतं. टेबलावरचं ती स्वतः उभारतात. पाटीत चौकोन कापून त्यात कुटलेल्या रंगीत गोळ्या भरायच्या आणि पाटी भट्टीत सरकवायची. गोळ्या वितळून काच तयार होते. मग भिंतींना डब्यांचा टेकू देऊन आयसिंग सुकेपर्यंत थांबायचं. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये 1991 पासून दर वर्षी जिंजरब्रेडचं अख्खं शहर मांडतात आणि त्यात शाळा-बालवाड्यांतल्या मुलांची घरं असतात. 2009 मध्ये कुणीतरी ते फोडून टाकलं, तेव्हा लोकांनी नवी घरं भाजून आणली. हल्ली कापलेल्या पाट्यांचे तयार संच मिळतात. वेळ नसलेल्या पालकांनी ते आणण्यात काहीच वावगं नाही. फक्त भिंती जोडायचं काम मुलांकडेच द्या, वाकड्या लागल्या तरी चालेल.