विद्यापीठ विष्णुपुरीत, घर श्यामनगरात

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ मिळाले ते 17 सप्टेंबर 1994 रोजी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. आधीच्या एकाच मराठवाडा विद्यापीठातून नांदेड, लातूर आणि परभणी हे भाग (आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता) वेगळे काढून ते स्थापन झाले आणि शहरापासून आठेक किलोमीटरवर, विष्णुपुरीच्या माळावर त्याचा परिसर उभा राहिला. विद्यापीठाचे गाव म्हटले की त्याच्या फाटकाभोवती प्राध्यापकांची आणि नोकरदारांची वस्ती वाढते, असे गृहीत धरले जाते. नांदेडमध्ये तसे झाले नाही. विष्णुपुरीत 1981 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय होते आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच गेले. तरी मध्यमवर्गाने घर घेताना पसंती दिली ती श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगर, आनंदनगर या बाजूला आणि जागा संपल्यावर उत्तरेला तरोड्याकडे. माझे म्हणणे असे की नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत घराची जागा बापाच्या नोकरीने ठरवलेली नाही, ती मुलांच्या वर्गाने ठरवली आहे; आणि हे विद्यापीठ येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यामुळे 1948 नंतर या भागाला कॉलेजची भूक किती होती, याची आज कल्पना करणे अवघड आहे. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, 1963 मध्ये यशवंत महाविद्यालय. पहिले स्नेहनगरात, दुसरे बाबानगरात. जुने नांदेड गोदावरीच्या घाटांशी, गुरुद्वाऱ्याशी, इतवारा-वजिराबादच्या बाजारपेठेशी आणि उस्मानशाही मिलच्या भोंग्याशी बांधलेले होते. कॉलेजांनी त्याला वेगळे केंद्र दिले. मास्तर, तलाठी, बँकेतले कारकून, वकील यांचे प्लॉट या नव्या केंद्राच्या आसपास पडले. विद्यापीठाची बांधणीही याला पूरकच होती. संलग्न महाविद्यालयांच्या पद्धतीत पदवीचा विद्यार्थी आपल्या कॉलेजात शिकतो, विद्यापीठाशी त्याची गाठ मुख्यतः परीक्षा आणि गुणपत्रिकेपुरती. ज्या ठिकाणी मूल रोज जात नाही, त्याच्याशेजारी घर कोण घेणार?

लातूरकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते, कारण तिथे विद्यापीठाचे मुख्यालय नाही, नुसते उपकेंद्र आहे. लातूर हे व्यापाऱ्यांचे गाव. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे आली, 1917 मध्ये गंजगोलाई बांधली गेली आणि गोलाईतून फुटणाऱ्या रस्त्यांवर एकेका मालाची पेठ बसली. जवळ घर म्हणजे दुकानाजवळ घर, असा तेव्हाचा हिशेब. 1961 मध्ये दयानंद आणि 1970 मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय आले. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. मग अहमदपूर, उदगीर, देगलूर, मुखेडकडची कुटुंबे मूल दहावी झाले की लातुरात किंवा नांदेडात बिऱ्हाड करू लागली. आई मुलांजवळ शहरात, वडील शेतीवर किंवा गावच्या शाळेत. ज्यांना जमले त्यांनी भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा प्लॉट घेतला. या घरांचा जिना बघावा. तो बाहेरून, फाटकापासून थेट वर जातो, कारण वरच्या मजल्यावरच्या खोल्या विद्यार्थ्यांना द्यायच्या असतात आणि त्या भाड्यातून बँकेचा हप्ता जायचा असतो. वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ परीक्षा आल्यावर कॉलेजपेक्षा खासगी क्लासचे वजन वाढले, तेव्हा लातूरकरांनी शहराच्या एका भागाला सरळ ‘ट्यूशन एरिया’ असेच नाव दिले. बाजारपेठेने वसवलेल्या गावात वर्गाने दुसरे गाव वसवले.

कोणी म्हणेल, माणूस परवडेल तिथे घर घेतो. स्वस्त जागेची ओढ खरीच आहे. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे करून, अकृषिक परवाना न काढता विकलेले प्लॉट या शहरांच्या कडेला भरपूर आहेत आणि ते नियमित करण्यासाठी 2001 मध्ये राज्याला गुंठेवारीचा कायदा करावा लागला. पण फक्त स्वस्ताईच निर्णायक असती, तर गोदावरीपलीकडे सिडकोने आखून दिलेल्या नव्या नांदेडने मध्यमवर्ग ओढून घेतला असता. तसे न होता ऐपतीचा माणूस नदीच्या अलीकडे, क्लासजवळ, जास्त पैसे मोजून राहिला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. निवड सगळ्यांना सारखी मिळाली नाही. 1978 मध्ये जुन्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याच्या ठरावानंतर नांदेड-परभणीच्या खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. गावातल्या जगण्याचा भरवसा उडाला, की शहरात घर शोधताना क्लासच्या अंतराआधी ‘तिथे आपली माणसे आहेत का’ हे विचारावे लागते. घर दाखवण्याआधी आडनाव विचारण्याची रीत आजही मोडलेली नाही. म्हणून ‘वर्गाने वस्ती ठरवली’ हे माझे विधान ज्यांना दारे उघडी होती त्यांच्यापुरते खरे आहे. इतरांची मुलेही त्याच वर्गांत बसली, फक्त त्यांना लांबून यावे लागले.

राहिला पाण्याचा मुद्दा. मार्च 2016 मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागू करावी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. पाण्यानेच वस्ती ठरत असती, तर त्या उन्हाळ्यानंतर हे शिकवण्यांचे गाव विस्कटायला हवे होते. पण क्लास लातुरातच राहिले आणि मुले येत राहिली. एवढेच झाले, की प्लॉट बघायला आलेला माणूस क्लास किती लांब आहे हे विचारल्यावर लगेच शेजारच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागले आणि मे महिन्यात ते टिकते का, हेही विचारू लागला.