चट्ट्यात टोचलेले तेल : कुष्ठोपचाराच्या इतिहासातील एक दुर्लक्षित टप्पा

प्रस्तावना
महाराष्ट्रातील कुष्ठसेवेचा इतिहास बहुधा सेवाव्रतींच्या चरित्रांतून सांगितला जातो. उपचारांचा इतिहास त्यात गौण ठरतो. प्रस्तुत लेखात चट्ट्यात थेट इंजेक्शन देण्याच्या पद्धतीचा आढावा घेऊन, औषध आणि सामाजिक स्वीकार यांतील अंतर स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कडूकवठ ते इंजेक्शन
पश्चिम घाटातील कडूकवठाच्या बियांचे तेल कुष्ठावर पूर्वापार वापरात होते. सुश्रुतसंहितेतील ‘तुवरक’ म्हणजे हाच वृक्ष, असे अभ्यासक मानतात. त्याच गुणधर्माच्या चौलमुग्रा तेलाकडे कलकत्त्याच्या डॉ. फ्रेडरिक मोआट यांनी 1854 मध्ये पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. तेल पोटात घेतल्यास मळमळ व उलट्या होत. म्हणून विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंजेक्शनाचा मार्ग पुढे आला. 1920 नंतर कलकत्त्यात डॉ. अर्नेस्ट म्यूर यांनी या उपचाराचा पाठपुरावा केला. पुढे चट्ट्यावर थोड्याथोड्या अंतराने, त्वचेच्या थरातच, अनेकदा सुई टोचण्याची पद्धत रूढ झाली. उपचार वेदनादायक व दीर्घकालीन होता. गुणही अनिश्चित होता.

स्पर्शाचे मोल
मुंबईत माटुंग्याला 1890 मध्ये ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने कुष्ठरुग्णालय उभे राहिले, त्यामागे रुग्णांना वस्तीपासून दूर ठेवण्याचीच दृष्टी होती. 1898 च्या कायद्यानेही निराधार कुष्ठरुग्णांच्या विलगीकरणाची तरतूद केली. इंजेक्शनाला मात्र वैद्याचा हात त्वचेवर ठेवावा लागे आणि रुग्णाला पुन्हापुन्हा यावे लागे. परिणामी कोंडवाड्याच्या जोडीला बाह्यरुग्ण दवाखान्याची कल्पना बळावली. तेलाचे खरे ऐतिहासिक महत्त्व, आमच्या मते, येथे आहे.

बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्या सुमारास डॅप्सोनच्या गोळ्यांनी तेलाची जागा घेण्यास प्रारंभ केला होता. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला व रोग निश्चितपणे बरा होऊ लागला.

निष्कर्ष
तथापि विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 पर्यंत कायम होते. माजिवड्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणमध्ये कुष्ठरुग्णांची स्वतंत्र वसाहत वसली. ठाणे जिल्ह्याच्या स्थानिक इतिहासलेखनात तिला स्थान मिळायला हवे. चट्टे पुसले गेले, त्यांवरून पडलेली सीमारेषा मात्र राहिली. म्हणूनच औषधाच्या शोधाबरोबर कुष्ठोपचाराचा इतिहास संपत नाही.